बर्बरांचा गालिचा

गेल्या श्रावणात आमच्या भाचीने ठाण्याला नवे घर घेतले. वास्तुशांतीची जेवणे उरकली, पाहुणे मंडळी विडे चघळीत दिवाणखान्यात टेकू लागली, तोच ती लगबगीने आली आणि म्हणाली, "मामा, जरा पाय जपून. हा बर्बर आहे!"

मी दचकलोच. आमच्या संस्कृतच्या मास्तरांनी हा शब्द वर्गातल्या ज्या मुलांसाठी राखून ठेवला होता, त्यांत माझा नंबर बराच वरचा होता. पण भाची बोट दाखवीत होती ती पायाखालच्या गालिच्याकडे. सायीच्या रंगाची जाड, मऊ लव आणि तिच्यावर तपकिरी रेघांनी आखलेली मोठमोठी शंकरपाळी. बाकी काही नाही. वेल नाही, फूल नाही, मोर नाही. दुकानदाराने सांगितले होते की, मोरोक्को देशातल्या ॲटलास डोंगरात राहणाऱ्या बर्बर बायकांनी हाताने विणलेला हा अस्सल माल आहे. किंमत तिने माझ्या कानात सांगितली. तो कान बराच वेळ गरम होता.

मला एक खोड आहे. गालिचा दिसला की कोपरा उलटून पाहिल्याशिवाय राहवत नाही. त्या दिवशीही पाहिला. मागच्या बाजूला शिवणीत बोटभर लांबीची एक पट्टी होती आणि तिच्यावर छापले होते, भदोही, उत्तर प्रदेश.

भाचीचा चेहरा उतरला. जावई म्हणाले, "उद्याच नेऊन टाकू दुकानात." मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. कारण आम्ही उभयता २०१९ साली मोरोक्कोचा प्रवास करून आलो आहोत आणि तेव्हापासून नातेवाइकांत या विषयातला अधिकारी पुरुष मीच. "मामा, तुम्हीच सांगा, ठेवू की परत करू?" मी आठवडाभराची मुदत मागून घेतली. त्या आठवड्यात जुनी टिपणे काढली, पुस्तके चाळली, आणि त्यातच माझ्या स्वतःच्या एका खरेदीचा हिशेब पुन्हा मांडावा लागला. तोही पुढे सांगतो.

आधी नावाचा घोळ. बर्बर हे त्या लोकांनी स्वतःला दिलेले नाव नव्हेच. ग्रीक लोकांना आपली सोडून बाकी सगळ्यांची बोली म्हणजे नुसती बरबर वाटे, म्हणून परके ते सगळे 'बार्बारोस'. रोमनांनी तो शब्द उचलला, अरबांनी पुढे चालवला. आपणही मागे नव्हतो. संस्कृतात 'बर्बर' आहेच आणि अर्थही तोच, अडखळत बोलणारा, रानटी. हे लोक स्वतःला अमाझिघ म्हणवतात, अनेकवचनी इमाझिघन, आणि त्याचा अर्थ 'मुक्त माणूस' असा सांगतात. इजिप्तमधल्या सिवा नावाच्या मरूद्यानापासून पश्चिमेला थेट अटलांटिक महासागरापर्यंत त्यांची वस्ती पसरलेली आहे. सर्वांत दाट मोरोक्को आणि अल्जीरिया या देशांत. सातव्या शतकात अरब आले, पुढे या लोकांनी इस्लाम स्वीकारला, पण घरातली भाषा सोडली नाही. त्या भाषेला मोरोक्कोच्या घटनेत अरबीच्या जोडीला राजभाषेचे स्थान मिळाले ते २०११ साली. आम्ही गेलो तेव्हा सरकारी कचेऱ्यांच्या पाट्यांवर अरबी आणि फ्रेंचच्या जोडीला वर्तुळे, फुल्या आणि त्रिकोण यांनी बनलेली एक लिपी दिसे. ती तिफिनाघ. आमची ही ती पाहून म्हणाली, "अहो, ही तर गालिच्यावरचीच अक्षरं!" नक्षी आणि लिपी एक नव्हे हे मी तिला समजावले, पण डोळ्यांना दिसणारे साम्य काही खोडून काढता येईना.

आता गालिचा. आपल्या मनात गालिचा म्हटले की बादशहा येतो, लोड-तक्के येतात, हुक्का येतो. बर्बरांच्या गालिच्याचा जन्म असल्या ऐषआरामात झालेला नाही. तो थंडीतून जन्मला. मोरोक्को म्हणजे वाळवंट ही आपली समजूत. पण ॲटलासच्या रांगांत हिवाळ्यात कमरेएवढे बर्फ पडते. ताझा गावाच्या दक्षिणेला मध्य ॲटलासच्या ईशान्य भागात बेनी उराइन नावाचा टोळ्यांचा मोठा समूह राहतो. मेंढ्या पाळायच्या, उन्हाळ्यात उंच कुरणांवर आणि हिवाळ्यात खाली उतरायचे, असा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. घरात विपुल काय, तर लोकर. तिचेच त्यांनी अंथरूण केले, तिचेच पांघरूण केले. भाचीच्या दिवाणखान्यात होती ती शंकरपाळी मुळात यांची. पांढरी मेंढी म्हणजे जमीन, काळी-तपकिरी मेंढी म्हणजे रेघ. रंगाचे नाव नको. आणि गंमत अशी की जी लव आपण मोठ्या कौतुकाने वर करून अंथरतो, ती कडाक्याच्या थंडीत ते लोक खाली करतात, म्हणजे अंगाकडे! लव म्हणजे मेंढीच्या कातड्यावरचे केस. त्यात शिरून झोपायचे. म्हणूनच तो गालिचा इतका सैल आणि लवचिक असतो की अंगाभोवती गुंडाळता येतो. इराणी गालिच्यासारखा ताठ उभा राहत नाही.

हे वाचताना मला आपल्या धनगराचे घोंगडे आठवत होते. तीच मेंढी, तोच अंगचा काळा रंग, तोच ऊन-पाऊस-थंडीशी सामना. फरक इतकाच की आपल्या घोंगड्याला लव नाही. सणगर ते खड्ड्याच्या मागावर सपाट विणतात आणि चिंचोक्याची खळ देऊन कडक करतात. पावसाच्या मुलखाला कडक घोंगडे, बर्फाच्या मुलखाला केसाळ गालिचा.

बर्बर म्हटले की एकच एक नमुना, असे मात्र समजू नये. डोंगर ओलांडला की गालिचा बदलतो. रबातहून पूर्वेला जाताना खेमिसेतच्या आसपास झेम्मूर लोक राहतात. त्यांना लाल रंगाचे वेड आणि बारीक पट्ट्यांची सपाट वीण प्रिय. अझिलालकडे पांढऱ्यावर रंगीबेरंगी मनमानी. लग्नात नवरीच्या खांद्यावर टाकायची 'हंदिरा' म्हणून पांढरी लोकरी शाल असते, तिला शेकडो चमकत्या टिकल्या लावलेल्या. आणि एक प्रकार तर आपल्या आजीने केला असावा असा. जुने कपडे, फाटक्या चादरी, उसवलेले स्वेटर यांच्या चिंध्या गाठवून केलेला गालिचा. त्याला 'बुशरवीत' म्हणतात. मेंढ्या कमी झाल्या, लोकर परवडेना, तेव्हा गेल्या शतकाच्या उत्तरार्धात बायकांनी ही युक्ती काढली. आपल्या गोधडीची सख्खी मावसबहीण! कालपर्यंत ज्याची घरच्यांनाही लाज वाटे, ते बुशरवीत आज पॅरिस-न्यूयॉर्कच्या कलादालनांत भिंतीवर टांगलेले असते. गोधडीचे दिवसही पालटू लागलेच आहेत म्हणा.

आम्ही पाहिला तो भाग दक्षिणेकडचा. मराकेशहून तिझी-न-तिश्का नावाचा साडेसात हजार फूट उंचीच्या आसपासचा घाट चढून पलीकडे उतरले की वारझाझात येते, आणि तिथून पुढे ताझनाख्त. शेजारी सिरुआ नावाचा विझलेला ज्वालामुखी. त्याच्या उतारावरच्या मेंढ्यांची लोकर लांब धाग्याची आणि रेशमासारखी चकाकणारी, म्हणून हे गाव गालिच्यांचे पेठेचे ठिकाण झाले. जवळच तालियुईन, तिथे केशर पिकते. मंजिष्ठाचा तांबडा, निळीचा निळा, डाळिंबाच्या सालीचा पिवळा आणि मेंदीचा तपकिरी, ही जुन्या रंगाऱ्यांची सामग्री ऐकताना आपण एखाद्या ओळखीच्या काष्ठौषधींच्या दुकानात उभे आहोत असे वाटे. आता बाजारी रंगही सर्रास वापरतात, ते लपवण्यात अर्थ नाही.

तिथल्या एका वस्तीत माग पाहिला. खोलीत भिंतीला टेकून दोन उभे खांब, वर-खाली दोन आडव्या तुळया, मध्ये ताणलेले उभे धागे. त्यापुढे जमिनीवर मांडी घालून बाई बसते. एक ओळ गाठींची, मग दोन-तीन आडवे धागे, मग लोखंडी दातांच्या जड फणीने धाड धाड ठोकायचे, की पुन्हा गाठी. समोर कागद नाही, नकाशा नाही. आईच्या शेजारी बसून जे डोळ्यांत भरले तेच बोटांतून उतरते, आणि मध्येच मनात आले तर शंकरपाळे वाकडेही होते. खेड्यांत हे काम बायकांचेच. लोकर धुणे, पिंजणे, टकळीवर कातणे, विणणे, सगळे त्यांनीच करायचे, तेही भाकरी, पाणी, मुले आणि गुरे सांभाळून.

मागाविषयी तिकडची एक समजूत मला फार हृद्य वाटली. उभे धागे ताणून माग सजला की त्यात जीव आला असे जुन्या बायका मानतात. त्याच्याशी जपून वागायचे. विणकाम संपवून गालिचा कापून खाली उतरवला की तो जीव गेला; म्हणून कापताना त्याच्यावर पाणी शिंपडतात आणि माणसाच्या अखेरच्या वेळी म्हणायचे शब्द म्हणतात. ज्या वस्तूला आपण दुकानात 'नवी कोरी' म्हणून विकत घेतो, ती करणाऱ्या बाईच्या लेखी नुकतीच निवर्तलेली असते!

नक्षीच्या अर्थाबद्दल मात्र वाचकांनी वाटाड्यांवर फार विसंबू नये. शंकरपाळे म्हणजे स्त्री, नागमोडी रेघ म्हणजे पाणी किंवा साप, पाच ठिपके म्हणजे दृष्ट टाळणारा हात, असे ते घडाघडा सांगतात. दृष्टीची भीती तिकडेही आपल्याइतकीच आहे आणि पाच या आकड्यावर त्यांचा विश्वास आहे, हे खरे. पण एकाच खुणेचे नाव या खोऱ्यात एक आणि त्या खोऱ्यात दुसरे असते. आमच्या वाटाड्याने एकाच गालिच्याची सकाळी प्रेमकथा सांगितली आणि दुपारी दुसऱ्या गिऱ्हाइकाला युद्धकथा.

शहरातले गालिचे निराळे. रबातच्या गालिच्यात मधोमध पदक, भोवती कडा, तुर्की वळणाची फुले. एका करकोच्याने पूर्वेकडून चोचीत आणलेला गालिच्याचा तुकडा रबातच्या एका अंगणात पडला आणि तो पाहून तिथल्या बायका विणू लागल्या, अशी गोड दंतकथा आहे. १९१२ साली फ्रेंचांचा अंमल बसला. त्यांनी १९१९ साली चांगल्या गालिच्यांवर सरकारी छाप मारण्याची पद्धत काढली. प्रॉस्पेर रिकार या अधिकाऱ्याने मोरोक्कोच्या गालिच्यांचे नमुने गोळा करून १९२३ ते १९३४ या काळात चार जाड खंड छापले. हेतू जुनी कला वाचवण्याचा; पण झाले असे की खंडात आला तो नमुना 'अस्सल', आणि घरात बसून नवे काही सुचलेली बाई 'चुकली'. राज्यकर्त्यांच्या प्रेमाचेही ओझेच होते.

युरोपात तेव्हा नव्या पद्धतीची घरे उठत होती. पांढऱ्या भिंती, काचा, लोखंडी नळ्यांच्या खुर्च्या. असल्या उघड्याबोडक्या खोलीत इराणी गालिचा म्हणजे खादीच्या सदऱ्यावर जरीचा फेटा. पण बेनी उराइनची चार रेघांची नक्षी तिथे चपखल बसली. ज्याने पुढे आपले चंडीगड आखले तो ल कॉर्बुझिए या गालिच्यांचा चाहता होता. (त्याच चंडीगडच्या उच्च न्यायालयासाठी त्याने आखलेले प्रचंड भिंतपडदे मात्र काश्मिरी विणकरांनी विणले आहेत.) अमेरिकेत फ्रँक लॉइड राइटने धबधब्यावर बांधलेल्या 'फॉलिंगवॉटर' या प्रसिद्ध घरातही मोरोक्कोचे गालिचे आहेत. मेंढपाळाचे पांघरूण असे श्रीमंतांच्या पायाखाली गेले, आणि तिथून त्याची फॅशन झाली.

फॅशन झाली की नाव सुटे होते. आज अमेरिकेत एखाद्या गृहस्थाला 'बर्बर कार्पेट' विचारा, तो तुम्हाला कचेरीतले, जिन्यातले, भिंतीपासून भिंतीपर्यंत ठोकलेले, बारीक वेटोळ्यांचे आणि ठिपक्याठिपक्यांचे कापड दाखवील. ते नायलॉनचे किंवा पॉलिप्रॉपिलीनचे असते, यंत्रावर होते, आणि त्याचा मोठा कारभार जॉर्जिया राज्यातल्या डॉल्टन गावात आहे. त्या गावाची कथाही एका मुलीपासूनच सुरू होते. १८९५ साली कॅथरीन इव्हान्स या पंधरा वर्षांच्या मुलीने हाताने टाके घालून, सूत कापून एक पलंगपोस केला. त्याची मागणी इतकी वाढली की घरोघर हा धंदा झाला, मग यंत्रे आली आणि पलंगपोसाचे गालिचे झाले. तिचे नाव डॉल्टनला ठाऊक आहे. ताझनाख्तच्या बायकांची नावे गालिच्यावर नसतात. आणि विनोद असा की खऱ्या बर्बर गालिच्याची लव कापलेली, तर या नव्या 'बर्बर'ची वेटोळी न कापलेली. मांजराच्या नखात एक धागा अडकला की ओळच्या ओळ उसवत जाते.

राहता राहिली भदोही. भदोही-मिर्झापूरचे विणकर काही कालचे नव्हेत. तिथल्या हातविणीच्या गालिच्याला २०१० साली भौगोलिक निर्देशांकाची नोंदही मिळाली. युरोप-अमेरिकेच्या व्यापाऱ्यांनी मोरोक्कोचे नमुने त्यांच्यापुढे टाकले आणि त्यांनी ते सफाईने उतरवून दिले. बाजारातल्या कितीतरी 'मोरोक्कन' गालिच्यांचे माहेर भदोही, जयपूर नाहीतर पानिपत असते. म्हणून घेताना कोपरा उलटावा. मागे कापड चिकटवलेले असेल तर आत गाठी नाहीत, सरस आहे. गाठी मागून दिसल्या तर तो हातविणीचा. मोरोक्कोच्या गालिच्याला बहुधा एकाच टोकाला दशा असतात आणि कडा सरळ नसतात. सुटा धागा काढून जाळावा. केस जळल्याचा वास आला तर लोकर, प्लॅस्टिकचा आला तर समजावे. लहान मुलांना मागावर बसवलेले नाही याची खूण म्हणून एक शिक्काही असतो, 'गुडवीव्ह'. कैलास सत्यार्थींनी १९९४ साली 'रगमार्क' नावाने सुरू केलेल्या चळवळीतून तो निघाला.

या कसोट्या घेऊन मी पुन्हा भाचीकडे गेलो. गाठी हाताच्या, लोकर खरी. माल वाईट नव्हता. खोटे होते ते दुकानदाराचे बोलणे आणि त्या बोलण्याची किंमत. "परत कर म्हणणार होतो," मी म्हणालो, "पण भदोहीच्या विणकराने तुला फसवलेलं नाही."

"मग पैसे जास्त घेतले त्याचं काय?" जावयांनी विचारले.

"ते मागायचेच. आणि बिलावर भदोही लिहून घ्यायचं."

तेवढ्याने विषय संपला असता; पण मी नको ते बोललो. म्हणालो, "आम्ही नाही का ताझनाख्तचा आणला, सांगितल्याच्या निम्म्या किमतीत!" त्याबरोबर आमच्या हिने काही न बोलता तीन बोटे वर केली.

तो हिशेब असा. ताझनाख्तजवळच्या त्या वस्तीत मला एक लहान गालिचा आवडला. तांबड्यावर केशरी शंकरपाळी. बोलणी चालली होती ती बाईच्या दिराशी. बाई मागापाशीच बसून होती. मी तुळशीबागेतली सारी विद्या पणाला लावली. उठून गेलो, परत आलो, पाकीट रिकामे असल्याचे दाखवले. शेवटी निम्म्यावर सौदा तुटला आणि वाटाड्याने माझा हात हातात घेऊन शाबासकी दिली. मध्ये ही हळूच म्हणाली होती, "अहो, तिला विचारा ना, किती दिवस लागले ते." मी म्हणालो, "आता मध्ये बोलू नकोस." तेव्हा तिनेच खुणेने विचारले. बाईने तीन बोटे दाखवली. ही म्हणाली, "तीन आठवडे?" वाटाड्याने सांगितले, "तीन महिने."

मी ते ऐकले होते. ऐकून पैसे मोजले आणि सहा वर्षे पाहुण्यांना निम्म्या किमतीची गोष्ट सांगत आलो. ८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री ॲटलासमध्ये भूकंप झाला, तीन हजारांच्या आसपास माणसे गेली, डोंगरातली मातीची घरे माग-चुलीसकट बसली. वर्तमानपत्रातला नकाशा आम्ही दोघांनी भिंगाखाली धरून पाहिला. ती वस्ती त्यावर दाखवलेली नव्हती. आमच्याकडे ना त्या बाईचे नाव, ना पत्ता. बिलावर दुकानदार दिराची सही.

भाची दुसऱ्या दिवशी दुकानात गेली. बरीच हुज्जत झाली, पण काही रक्कम परत मिळाली आणि बिलावर 'भदोही' आले. गालिचा तिने ठेवला. परवा फराळाची तयारी चालली असताना तिचा फोन. चिवड्याचे तेल बरोबर एका शंकरपाळ्यावर सांडले होते. मी सांगितले, "पाणी लावू नकोस, चोळू नकोस. वर टाल्कम पावडर भुरभुर, रात्रभर राहू दे, सकाळी हलक्या हाताने झाड." आमचा गालिचा हिने दिवाळीच्या साफसफाईत उन्हात टाकला, कसर पाहिली, आणि आत नेताना दिवाणखान्याऐवजी माझ्या खाटेवर अंथरला, लव वर करून. थंडी पडली की त्यावर निजायचे म्हणते.